कातरणीच्या दिवशीची तोंडी

साधनानं येतानाच ठरवलं होतं, की विषय जेवणाआधी काढायचा. जेवणानंतर या घरात काहीच ठरत नाही. पुरुष आडवे होतात आणि आई प्रत्येकाच्या बाजूनं थोडं थोडं बोलून सगळं होतं तिथं आणून ठेवते.

मांडवगणच्या मळ्यात कातरणी सुरू झाली होती. तिचे चुलते भिमाआप्पा यांचा कळप आता लिंबाच्या एका झाडाखाली मावेल एवढाच उरला होता, तरी कातरणीला घरातले सगळे जमायचे, हे त्यांनी मोडू दिलं नव्हतं. मेंढरं आदल्या दिवशी नदीवर धुऊन आणलेली होती. कोकरं पलीकडे काट्यांच्या कुंपणात वेगळी कोंडलेली, आणि त्यांचा एकसारखा गलका चाललेला. साधनाचे दोघे भाऊ, हनुमंत आणि सुमित, पोत्यांवर बसून एकेक मेंढी मांडीशी आडवी घेत होते. कातर कचकच चालत होती आणि काळी लोकर अंगावरून घोंगडं काढावं तशी सलग उतरत होती.

हनुमंतची बायको पूनम कुंपणाजवळच्या दगडावर बसली होती. मांडीवर पुस्तक.

"कातरणीला पुस्तक?" साधना म्हणाली.

"गुरुवारी तोंडी आहे, ताई."

"तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा," पूनम म्हणाली. आवाजात लाज नव्हती आणि भांडणही नव्हतं. साधनाला नेमकं हेच अवघड जायचं. लाजणाऱ्या माणसाला समजावता येतं, भांडणाऱ्याशी भांडता येतं.

पूनमनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि रांजणगावच्या एका दूध पावडरीच्या कंपनीत ती बॉयलर हाऊसमध्ये होती. बॉयलर चालवणाऱ्या इंजिनिअरची सरकारी परीक्षा असते, ती पूनम देत होती. लेखी पेपर पहिल्याच वेळी निघाले, तेही चांगल्या मार्कांनी. तोंडी दोनदा गेली. तिथले जुने इंजिनिअर मे महिन्यात निवृत्त होणार होते. सर्टिफिकेट हातात असलं तर बॉयलर हाऊस पूनमच्या ताब्यात येणार होतं, नसलं तर बाहेरून कुणीतरी येणार होतं.

हे सगळं साधनाला मान्य होतं. पण हनुमंतची नोकरी दौंडला, रेल्वेच्या ठेकेदाराकडे. पूनमच्या कामासाठी बिऱ्हाड शिरूरला, आणि हा रोज मोटारसायकलवर शिरूर-दौंड करायचा. जानेवारीत, न्हावऱ्याच्या पुढे, अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. मागे दिवा नव्हता. खांद्यावर निभावलं. दवाखान्यात साधनानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की पूनमची तोंडी या वेळी नाही झाली तर जूनमध्ये बिऱ्हाड दौंडला हलवायचं, आणि पूनमनं नोकरी सोडायची.

"आप्पा, आई, इकडं या जरा," साधना म्हणाली. "हनुमंतच्या स्वप्नालीचं नाव मी दौंडच्या शाळेत घालून ठेवलंय. मागनं जागा मिळत न्हाई."

साधनाची आई, भामाबाई, चुलीपासून उठल्या नाहीत. "परीक्षा गुरवारी हाय म्हनं की."

"व्हय. पण दोनदा झालंय. तिसऱ्यांदा काय वेगळं होणार हाय? तसाच अभ्यास, तशीच ती."

पुस्तकावरची पूनमची नजर हलली नाही. पण पानही उलटलं गेलं नाही.

*

हनुमंतनं हातातली मेंढी सोडली आणि खांदा चोळला. कातर धरली की तिथं अजून कळ यायची.

बहिणीला शब्द देताना त्याला वाटलं होतं, तोंडी होईलच. पूनमसारखा अभ्यास करणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. ती एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायची नाही. एकदा वाचायची, पुस्तक मिटायची, आणि खडूनं स्वयंपाकघराच्या फरशीवर अख्खा बॉयलर काढायची. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघायची. राहिलेलं दुसऱ्या दिवशी परत, मग आठवड्यानं परत. आलेलं सोडून द्यायची. स्वप्नाली त्या चित्रावरून लंगडी घालत जायची आणि पूनम म्हणायची, "सांभाळ, फीड पंपावर पाय देऊ नको." पाळीवरून थकून आली तरी फरशी रिकामी राहायची नाही. आणि तोंडीच्या खोलीतून दोन्ही वेळा ती अशी बाहेर आली होती, जणू कुणीतरी ती फरशी पुसून टाकलीय.

"वहिनी, त्या इंदूरच्या सरांचे व्हिडिओ बघा," सुमित म्हणाला. "दुप्पट स्पीडनं लावायचे. निम्म्या येळात सगळं होतं."

"तू दुप्पट स्पीडनंच नापास झालास भरतीत," साधना म्हणाली. "मी रेल्वेची खात्याची परीक्षा कशी काढली, सांगू का? पाठांतर. स्वयंपाक करताना म्हणायचं, कपडे धुताना म्हणायचं. आमचे हे झोपेत नियम बडबडायला लागले होते."

"मग त्यास्नीच बसवायचं की परीक्षेला," भिमाआप्पा म्हणाले.

सगळे हसले. पूनमही. मग ती म्हणाली, "पाठांतरानं लेखी निघते, ताई. तोंडीला दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय ते मला अजून सापडलेलं नाही."

"म्हंजी काय विचारतात तरी?" भामाबाईंनी विचारलं.

पूनमनं पुस्तक मिटलं. "बॉयलरच्या अंगावर उभी काचेची नळी असते, आई. आत पाणी किती आहे ते तिच्यातून दिसतं. मागच्या वेळी साहेब म्हणाले, काचेत पाणी दिसत नाही, काय कराल? मी लगेच सांगितलं. आग बंद करीन, गार पाणी आत सोडणार नाही, कारण तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. सगळं ओळीनं सांगितलं. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, पाणी कमी आहे, असं मी कधी म्हणालो?"

"मग काय म्हनले हुते?"

"दिसत नाही, एवढंच. काच पूर्ण रिकामी असली तरी पाण्याची रेघ दिसत नाही, आणि पूर्ण भरून वर गेली असली तरी दिसत नाही. दोन्ही काचा सारख्याच दिसतात. आधी खालची तोटी उघडून बघायचं. पाणी आलं तर भरलेली, नुसती वाफ आली तर रिकामी. दोन्हींचे उपाय उलटे."

"आन् तुला ते ठावं नव्हतं?" साधनानं विचारलं.

"माहीत होतं. पुस्तकात ते दुसऱ्या मथळ्याखाली आहे. मला तो प्रश्न ओळखूच आला नाही."

हनुमंतला हे नवीन होतं. त्याला वाटत होतं, ती घाबरते. घाबरणं त्याला समजलं असतं.

"हनम्या, ही शेवटची," आप्पा म्हणाले. ती कातरून झाल्यावर त्यांनी सगळ्या मेंढ्या मोकळ्या वावरात हाकलल्या आणि कुंपणाच्या तोंडाशी लावलेली काटेरी फांदी ओढली. सकाळपासून ओरडणारी कोकरं एकदम बाहेर सुटली.

आणि आयांना ओलांडून पुढे पळाली.

दर वर्षी असंच व्हायचं, पण हनुमंतनं कधी नीट पाहिलं नव्हतं. कोकरं धावत यायची, समोर पांढुरक्या अंगाचं, बारीक मानेचं काहीतरी उभं दिसायचं, की थबकून वळायची. एक कोकरू स्वतःच्या आईला हुंगून मागं सरलं आणि बांधाकडे तोंड करून ओरडू लागलं.

"आई उघडी पडली की पोरास्नी वळखू येत न्हाई," भामाबाई चुलीपासूनच म्हणाल्या. "वाईच थांबा. व्हईल."

पूनम उभी राहिली होती. पुस्तक दगडावरून खाली घसरलं, तिचं लक्ष नव्हतं. ती त्या एकाच कोकराकडे बघत होती. मेंढी जागची हलली नाही. तिनं मान वर केली आणि साद घातली, जाड, घोगरी. कोकराचे कान मागे वळले. ती पुन्हा ओरडली. कोकरू वळलं, आणि या वेळी सरळ तिच्या पोटाखाली शिरलं.

"आप्पा," पूनम म्हणाली, "आवाजावरून ओळखतात ना?"

"मग? आवाज तर कुनी कातरत न्हाई."

हनुमंतनं बायकोचा चेहरा पाहिला. फरशीवर चित्र काढताना एखादी रेघ जिथं जुळत नव्हती तिथं जुळली, की तिचा चेहरा असा व्हायचा.

*

पूनमला ते शब्दांत मांडायला थोडा वेळ लागला. चुकीचं मांडलं तर नुसती गंमत होईल, हे तिला कळत होतं.

ती सगळे प्रश्न पुस्तकातून शिकली होती. फरशीवर जे काढलं तेही पुस्तकातलंच चित्र. उत्तर आठवताना तिला पान दिसायचं, पानावरची जागा दिसायची, मथळा दिसायचा. लेखी पेपरात प्रश्न त्याच लोकरीसकट येतो, म्हणून ओळख पटायची. तोंडीचे साहेब लोकर काढून प्रश्न समोर उभा करतात. आणि ती हुंगून मागं सरते, नाहीतर दुसऱ्याच मेंढीखाली शिरते. अभ्यास कमी पडला नव्हता. अभ्यासाची तपासणी चुकीच्या ठिकाणी झाली होती.

"ताई," ती म्हणाली, "मला तुम्ही सगळ्यांनी प्रश्न विचारा."

"आम्ही? आम्हाला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच. कळणाऱ्या माणसाच्या तोंडात पुस्तकातलेच शब्द येतात. तुम्ही तुमच्या कामातलं काहीतरी बिघडलेलं सांगा. बॉयलरचं नाव घेऊ नका. त्यात बॉयलरचं काय आहे, ते मी शोधीन."

"आन् तू बरोबर सांगितलंस का चूक, हे कोण ठरवणार?"

"ते मी पुस्तकात बघीन. पण मी उत्तर शोधून सांगतेय का पाठ म्हणतेय, ते तुम्हाला ऐकू येईल. तुम्ही खिडकीवर बसता. माणूस खरं सांगतोय का, ते तुम्हाला काचेतून कळतं."

साधना दौंड स्टेशनवर तिकीट खिडकीवर होती. तिनं पदर खोचला.

"बरं," ती म्हणाली. "पण मी सगळ्यांसमोर सांगते. मला पटलं तर गुरुवारपर्यंत मी शाळेचा विषय काढणार न्हाई. न्हाई पटलं, तर तू गुरुवारी जा, तुझी मर्जी. पण घर हलवायचं आजच ठरवायचं. आप्पा, ऐकलंत?"

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "आधी जेवू द्या."

"जेवणानंतर न्हाई. जेवताना."

*

भिमाआप्पांना ताटावर बसून बोललेलं आवडायचं नाही. पण आज मटणाचा रस्सा चांगला झाला होता, आणि शिवाय आपल्याला प्रश्न विचारायला मिळणार, याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. जन्मभर प्रश्न त्यांना विचारले गेले होते. तलाठ्यानं, फॉरेस्टच्या लोकांनी, ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्या मालकानं.

पहिल्या भामाबाई. त्यांनी भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "दूध उतू जातं. तुज्या त्या टाकीत जातं का?"

"त्याला फोमिंग म्हणतात, आई. पाण्यातल्या विरघळलेल्या घटकांचं प्रमाण वाढल्यामुळे पृष्ठभागावर…"

"हे मला न्हाई कळलं."

"हे पाठ होतं," साधना म्हणाली.

पूनम थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आप्पांनी तिच्याकडे बघायचं टाळून रस्सा ओरपला.

"दूध उतू जातं, कारण त्यात नुसतं पाणी नसतं," ती सावकाश म्हणाली. "साध्या पाण्याचा बुडबुडा वर आला की फुटतो, दुधाचा फुटत नाही. माझं पाणी रोज उकळून उकळून आटतं, वाफ निघून जाते, पण त्यातला क्षार मागे राहतो. असं पाणी दुधासारखं वागायला लागतं. फेस वर चढतो आणि वाफेबरोबर पाणीच पुढे जातं."

"मग काय करतीस? मी तर पळी घालून ढवळते."

"मी आधी वाफेची ओढ कमी करीन. मग तळाचं दाट पाणी थोडं सोडून देईन, आणि तेवढं ताजं आत घेईन."

"व्हय, तसंच," भामाबाई म्हणाल्या, जणू आयुष्यभर त्या बॉयलर चालवत होत्या.

सुमितनं त्याच्या टेम्पोचा काळा धूर विचारला. पूनमनं त्यालाच उलट विचारलं, की धूर चढावर येतो का नेहमी, एअर फिल्टर कधी बदललास. आप्पांना त्यातलं काही समजलं नाही. पण सुमित टेम्पोबद्दल खोटं बोलला आणि पकडला गेला, एवढं समजलं.

मग हनुमंतची पाळी आली. तो बराच वेळ बोटानं ताटातला भात सारत राहिला.

"ट्रॉली उभी हाय," तो म्हणाला. "मागं दिवा बसवलेला हाय, पण तो बंद हाय. ट्रॉलीवाल्याला वाटतंय चालू हाय. मला वाटतंय पुढं रस्ता मोकळा हाय. तुझ्याकडं असं कवा होतं?"

साधनानं भावाच्या खांद्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पूनम नवऱ्याकडे बघत राहिली. आप्पांना वाटलं, ही आता रडणार, आणि मग साधना जिंकणार. पण ती मान किंचित एका बाजूला झुकवून विचार करत होती. कोकरू असंच कान मागे करून ऐकतं.

"पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारं एक यंत्र असतं," ती म्हणाली. "ते असतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. ते अडकलेलं असलं तरी बाहेरून काही कळत नाही. दिवा बंद असला तरी ट्रॉलीवाल्याला कळत नाही, तसंच. म्हणून ते लागेल तेव्हा चालेल, असं धरून चालायचं नसतं. गरज नसताना तपासायचं. दर पाळीला आपण स्वतः पाणी मुद्दाम कमी करायचं आणि बघायचं, आग बंद पडते का. पडली तरच पाळी घ्यायची."

"दर पाळीला?"

"दर पाळीला. कंटाळा आला तरी. तुम्ही विचारलंत म्हणून आज कळलं, की हा नियम कुणासाठी आहे."

हनुमंतनं मान हलवली आणि भात खायला लागला.

"आता मी," आप्पा म्हणाले. त्यांनी प्रश्न केव्हाच तयार ठेवला होता. "खालच्या वावरातली हीर हाय का न्हाई? उन्हाळ्यात मी सांजंला गेलो, वाकून बघितलं. पानी दिसंना. मेंढरं तर तान्हेली. काय करायचं?"

"टँकर मागवा!" सुमित म्हणाला.

"तुला न्हाई इचारलं."

पूनम तोंड उघडून थांबली. घास हातातच होता. आणि तिनं तो परत ताटात ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "पाणी नाही म्हणून दिसत नाही, की अंधार आहे म्हणून?"

"ते मला काय म्हाईत? मी वाकून बघितलं, दिसंना."

"मग मी आधी एक दगड टाकीन. डुबुक वाजलं तर पाणी आहे. मेंढरं थांबवा, दोर लांब करा. खट्‌ वाजलं तर नाही. मेंढरं दुसरीकडे न्या. दगड टाकायच्या आधी मी काहीच करणार नाही." मग तिचा आवाज एकदम बदलला. "आप्पा, हा तोच आहे. हा काचेचाच प्रश्न आहे."

"काचेचा कुठनं आला? मी हिरीचं इचारलं."

सगळ्यांच्या आधी साधना हसली. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत हसली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "आप्पा, तुम्ही तर तिचे तोंडीचे साहेब निघालात."

आप्पांना आपलं काय चुकलं ते कळलं नाही. पण साधनानं उठून पूनमच्या ताटात स्वतः रस्सा वाढला, हे त्यांनी पाहिलं. वाढून झाल्यावरही ती पळी हातात धरून क्षणभर भावजयीकडे बघत उभी राहिली. कळपात नवी आणलेली मेंढी पहिल्या पावसाळ्यात तगली, की आप्पा तिच्याकडे तसे बघायचे.

*

सोमवारपासून फोन सुरू झाले. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात साधना शिरूरला फोन लावायची, नमस्कार-चमत्कार न करता.

"मधल्या जिन्यावर कचरा अडकलाय, लोकं दुसऱ्या जिन्यानं चाललीत. सांग."

"नळ्यांमध्ये क्षाराचा थर. उष्णता अडते, पत्रा जास्त तापतो. थांबा, एका नळीत का सगळ्या?"

"ते मला काय म्हाईत?"

"हेच हवं होतं मला."

मंगळवारचा प्रश्न साधनानं दिवसभर जुळवला होता. गाडी लागली की प्लॅटफॉर्मवरची बसलेली माणसं एकदम उठतात. गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटते. माणसं तेवढीच, फक्त उभी राहिलेली. आणि गाडी सुटली की प्लॅटफॉर्म पार ओस. पूनमनं फोनवर ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "वाफेची मागणी अचानक वाढली की पाणी फुगतं, ताई. काचेत पातळी वर गेलेली दिसते, पण खरं पाणी कमी होत असतं. हे मी लेखीला लिहिलं होतं. समजलं आज."

फोन ठेवल्यावर साधना खिडकीतून प्लॅटफॉर्मकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती गर्दी बघत होती. ती कुणाच्या अशी उपयोगी पडेल, असं तिला वाटलं नव्हतं. आणि ज्या बाईची नोकरी सोडवायला ती निघाली होती, तिच्यासाठी आपण दिवसभर प्रश्न शोधतोय, हेही तिच्या ध्यानात आलं. हनुमंतच्या रस्त्याची काळजी मात्र होती तिथंच होती. तिचं उत्तर पूनमनं द्यायचं नव्हतं. ते आपलं आपण काढायला हवं, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी पूनम पुण्यात तोंडी देऊन डेमू लोकलनं दौंडला आली. स्वप्नालीला तिनं कालच साधनाच्या घरी सोडलं होतं. ऊन अजून होतं. प्लॅटफॉर्म ओलांडून ती तिकीट खिडकीच्या रांगेत उभी राहिली. काचेमागे साधना मान खाली घालून तिकिटं देत होती. रांग पुढे सरकली.

"कुठलं?" साधनानं वर न बघताच विचारलं.

"मी आहे, ताई."

साधनाचा हात थांबला. "काय विचारलं?"

"तुमची गर्दी."

"माझी?"

"सकाळी सगळी मशिनं एकदम सुरू झाली, काचेत पाणी वर चढलं, पाणी आत सोडणारा पंप बंद कराल का? माझ्या डोळ्यांसमोर हा प्लॅटफॉर्मच आला. म्हटलं, नाही करणार. आणि का ते सांगितलं."

"आन् बाकीचं?"

"दोनदा मीच त्यांना उलट विचारलं. एकाचं उत्तर आलं नाही. कायद्यातलं कलम होतं. माहीत नाही म्हणून सांगितलं."

"सरळ?"

"सरळ."

"निकाल?"

"पुढच्या आठवड्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, गाडी सुटंल आमची." साधनानं तिकडे लक्ष दिलं नाही. ती काचेच्या खालच्या फटीशी वाकली.

"सकाळी ड्यूटीवर यायच्या आधी शाळेत जाऊन आले," ती म्हणाली. "स्वप्नालीचं नाव काढून घेतलं."

"निकालाच्या आधीच? आणि यांचा रस्ता?"

"हनुमंतला कामावर रात्र झाली की माझ्याकडंच झोपंल. मोटारसायकलची चावी मी काढून घेणार हाय, सांग त्याला. पुढच्या खोलीत खाट टाकलीय."

"पण ताई, मी नापास झाले तर?"

"त्यांचा निकाल लागंल तवा लागंल. तोंडी मी पण घेतलीय तुझी." साधना सरळ बसली, डोळ्यांवरचा चष्मा नीट केला आणि पूनमच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "घरी जा. पोरगी वाट बघतेय. हां, बोला काका, कुठलं द्यायचं?"